एक इंच जास्त

माझी मोठी बहीण बावीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात कापड कापते आहे. सदरा कसाही असो, तिच्या हातून चिंधी वाया जात नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मात्र ती गणितात तीनदा नापास झाली. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघी एकाच वर्गात होतो, कारण मी तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. मी पास झाले. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

गणिताचं तिला वावडं नव्हतंच. तिला धसका होता तो कोऱ्या कागदाचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा. प्रश्नपत्रिका हातात पडली की ताईचे हात गार पडायचे आणि येत असलेलंही डोक्यातून उडायचं.

यंदा तिच्या उजव्या खांद्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, कात्री सोडा. नेमकं त्याच सुमारास शिवणकाम शिकवणाऱ्या एका केंद्रानं तिला शिक्षिका म्हणून बोलावलं. अट एकच, शाळा पूर्ण केल्याचा दाखला. चार महिने जागा धरून ठेवतो, म्हणाले.

नापासांसाठी एक दुसरी वाट निघाली आहे, हे मीच शोधून काढलं. परीक्षेला बसायचं नाही. आपल्या कामात जी आकडेमोड करतो ती वहीत मांडायची आणि दोन परीक्षकांसमोर समजावून सांगायची. संधी मात्र एकदाच. ताईनं तीन महिने खपून वही भरली. सदऱ्यांची मापं, त्यांचे हिस्से, किती कापड लागेल ते, सगळं सुवाच्य अक्षरात. मी तिची चेष्टा करायचे, "लग्नाची पत्रिकासुद्धा इतकी नटवली नव्हतीस."

त्या दिवशी आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. वेळ जात नव्हता म्हणून मी वही चाळायला घेतली. तिथंच माझं चुकलं, किंवा बरोबर झालं.

"ताई, छाती एकोणचाळीस, आणि चौथा हिस्सा साडेनऊ? पावणेदहा व्हायला हवा ना?"

तिनं वही ओढून घेतली. एक पान, दुसरं पान. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"तुटक्या टेपची मापं लिहिली गं मी."

कारखान्यातल्या टेपचा पहिला इंच कधीच झिजून तुटला आहे. तिथं सगळे एकच्या आकड्यावर टेप धरतात, जो आकडा दिसेल तो रजिस्टरात लिहितात आणि कापताना मनातल्या मनात एक इंच वजा करतात. नवी टेप आणली तर जुनी मापं घोळ करतील म्हणून कुणी ती बदलत नाही. ताईनं मापं रजिस्टरातून जशीच्या तशी उतरवली होती आणि पुढचं गणित मात्र खऱ्या मापानं केलं होतं. साठ पानं. प्रत्येक पानावर मापं एक इंच जास्त.

"खोडून लिही पटकन," मी म्हणाले.

"खाडाखोड असली तर वही बाद. पहिल्याच पानावर छापलंय."

घरी जाऊ, असं मी म्हणणार तोच आतून तिला हाक आली. दार अर्धवट उघडंच राहिलं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

परीक्षक बाईंनी वही उघडली आणि दुसऱ्या मिनिटालाच थांबल्या. ताईनं काही न लपवता टेपची गोष्ट सांगितली.

"पण एक इंच वजा केला, हे लिहिलंय कुठं?" दुसरे परीक्षक म्हणाले.

"लिहिलं नाही. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं."

"आम्हाला नव्हतं ना, बाई."

मग परीक्षक बाईंनी टेबलावर कोरा कागद ठेवला. "कुठलाही एक सदरा घ्या. माप, वजाबाकी, हिस्से, कापड, सगळं आत्ता मांडून दाखवा. अर्धा तास आहे."

कोरा कागद आणि घड्याळ. ज्या दोन गोष्टींपासून पळायला आम्ही ही वाट धरली होती, त्याच शेवटी तिच्यापुढे येऊन बसल्या. आता ही उठून बाहेर येणार, असं मला वाटलं. उठलीही ती.

"उभी राहून लिहिलं तर चालेल का?" तिनं विचारलं. "मला कामाची सवय उभ्यानंच आहे."

"चालेल," बाई म्हणाल्या.

फटीतून मला तिची पाठच दिसत होती. कापायच्या टेबलाशी वाकते तशी ती वाकली होती. अधूनमधून दुखरा खांदा दाबायची, परत लिहायची. मी नखं कुरतडत बसले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिक्का मारलेला कागद होता. तिनं तो माझ्या हातात दिला.

"वाच."

"तू नाही वाचलास?"

"वाचला. तू मोठ्यानं वाच. तिन्ही वेळा माझा निकाल वर्गात मोठ्यानंच वाचला होता."

व्हरांड्यात आणखी सात-आठ जण वह्या छातीशी धरून बसले होते. मी उभी राहिले. ताईचं पूर्ण नाव वाचलं, विषय वाचला, आणि "उत्तीर्ण" म्हणताना माझाच आवाज फुटेना, म्हणून ते परत वाचलं.