"बदललंय," असं मी प्रकाशला म्हणालो

प्रकाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात भाजी घेत होतो. त्याची बायको, म्हणजे वहिनी, दोनच वाक्यं बोलल्या. मी उरलेली भाजी घेतली, घरी आलो, जेवलोसुद्धा. हल्ली रडू वेळेवर येत नाही... पुढे कधीतरी, भलत्याच वेळी येतं.

अंबरनाथच्या एका छोट्या ऑफिसात आम्ही कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवायचो. मी लिहायचो, प्रकाश तपासायचा. माणूस महाचिकट. "आधी करार लिही," हे त्याचं पालुपद. म्हणजे कोणत्या अटी पाळल्या गेल्या तरच प्रोग्रामने पुढे जायचं, ते सुरुवातीलाच लिहायचं. मला त्याचा मनापासून कंटाळा होता. एकदा एका टाकीचं काम आलं. भरणं, ढवळणं आणि उपसणं, या तिन्हींपैकी एका वेळी एकच चालू हवं. दोन अटींपैकी नेमकी एकच खरी आहे का, हे बघणारं एक चिन्ह असतं. तेच मी तीन अटींमध्ये दोनदा टाकलं आणि चहाला गेलो. परत येतो तर प्रकाश तीन बोटं वर करून बसलेला.

"हे बघ. पहिल्या दोन्ही खऱ्या, तर उत्तर खोटं. आता त्या खोट्याला तिसरी खरी जोड. उत्तर खरं! तिन्ही एकदम चालू आणि तुझा करार बोलतो, ऑल ओके."

"अरे यार, तिन्ही एकदम कशाला चालू होतील?"

"मग करार कशाला लिहितोस? सरळ मोज ना. खऱ्या किती? एकच असेल तर पुढे."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "बदललंस?" मी म्हणालो, "बदललंय." बदललं नव्हतं. आळस केला होता, बस्स. त्याने माझ्या शब्दावर सही केली.

कारखान्यात साध्या पाण्यावर चाचणी घेतली तेव्हा तिन्ही एकदम सुरू झाली आणि माझ्या कराराने अडवलं नाही. कोणाला लागलं नाही, पण जमीनभर पाणी झालं आणि आमची लाज गेली. साहेबांनी विचारलं, "चेक कोणी केलं होतं?" प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो... "मी," तो म्हणाला. त्याच्याकडून तपासणी काढून घेतली. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका क्लासमध्ये शिकवू लागला. पुढे भेटायचो तेव्हा माझ्या मुलांची चौकशी करायचा. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

गेल्या रविवारी सोनिवलीला त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नोकरी सुटली तेव्हापासून मी यांना टोमणे मारत आले हो. ‘तपासायचंच काम होतं तुमचं, तेवढंही जमलं नाही,’ म्हणून. शेवटपर्यंत मारले. हे एका शब्दाने बोलले नाहीत."

मला तोंड वर करवेना. प्रकाशच्या टेबलावर क्लासच्या मुलांच्या वह्या तशाच होत्या, अर्ध्या तपासलेल्या, अर्ध्या राहिलेल्या. वहिनी उठल्या आणि त्या वह्या उगाचच नीट रचत बसल्या.