परत केलेल्या कुत्र्यांची गाडी

हे किस्से कुत्र्याच्या केसांसारखे आहेत. काळ्या स्वेटरवरचा एक झटकावा, तर दोन नवे चिकटलेले दिसतात! लॉकडाऊनमध्ये मी ब्रिजेटच्या व्हॅनमध्ये बसायला लागले, तेव्हापासून साठलेत. सांगायला घेतलं की हसू येतं, आणि सांगून झालं की डोकं तापतं.

ब्रिजेट म्हणजे इथे परदेशात, पोर्टलीश गावात, आमची शेजारीण, रिटायर्ड नर्स. आमच्या ह्यांचं हॉटेल बंद पडलं. कुक माणूस, दिवसभर घरात बसून. एक दिवस कुंपणावरून ब्रिजेट म्हणाली, "तुझ्या पोरीला, स्वराला, तिचा डॅडी बघेल. तू चल माझ्याबरोबर."

काम काय, तर कोंडवाड्यातली कुत्री उचलायची आणि लांब पश्चिमेला एका सँक्च्युअरीत नेऊन सोडायची. तिथे ती मरेपर्यंत सुखात राहतात. कोंडवाड्यात मात्र ठरावीक दिवसच ठेवतात. मग कायमचं झोपवायचं इंजेक्शन! आणि सँक्च्युअरीचं गेट पाचला बंद.

मला तर कुत्र्याची भीती! त्यात बाहेर कोरोना आणि घरात चार वर्षांची पोर. घरी आले की दारातच कपडे बदलायचे, हात लाल होईपर्यंत धुवायचे. तरी जात राहिले. मागे बसून कुत्र्यांशी मराठीत बोलायचे. "गप रे सोन्या, आलंच आता." ब्रिजेट म्हणायची, "काय बोलतेस देव जाणे, पण थांबू नको!"

*

पहिल्याच फेरीला एक पांढरी कुत्री होती. पट्टा इतका घट्ट बांधून ठेवलेला की मानेला जखम झालेली. पिल्लू असताना बांधला तो बांधला, कुणी सैल केलाच नाही! माझा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतो, म्हणून ती रात्रभर ब्रिजेटच्या शेडमध्ये होती. मी घरून हळद नेली आणि चांगली मूठभर चोपडली.

सँक्च्युअरीतली डॉक्टर तिला बघून हादरलीच. पिवळी मान, पिवळे कान! "लिव्हर गेलं हिचं!" लगेच सुई, रक्त, धावपळ. मी मागून हळूच म्हटलं, "डॉक्टर, ती हळद आहे."

सगळे मेले हसून. मला इतका राग आला! इथल्या लोकांच्या कॅफेत हळद घातलेली कॉफी फॅशन म्हणून पितात, आणि मी लावली तर कावीळ!

*

मलिंगार गावाजवळ एका घरून कुत्रा परत घ्यायचा होता. लॉकडाऊन लागल्यावर हौसेने आणलेला. मी विचारलं, "काय झालं?" बाई म्हणाली, "तो भुंकतो."

भुंकतो! मग काय बासरी वाजवणार?

तिच्या साहेबांनी पट्टा धरून त्याला व्हॅनपर्यंत आणलं, डोक्यावर थोपटलं, "गुड लॅड." आम्ही निघालो. वळणापर्यंत पोहोचलो नाही, तर आरशात साहेब धावत येताना दिसले! घरातल्या स्लिपर्स, धाप लागलेली. ब्रिजेटने ब्रेक मारला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, चला, राहवलं नाही माणसाला!

खिडकीशी येऊन म्हणाले, "सॉरी, तो पट्टा राहिला. लेदरचा आहे."

*

आपली माणसं कमी नाहीत हं! सँडीफोर्डला आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, इंजिनिअर. त्यांचा फोन आला. "अगं, घरात लहान मूल, आणि तू कुत्र्यांच्या घाणीत बसतेस? थोडा तरी विचार कर!" अर्धा तास ऐकून घेतलं. मी सातवी शिकलेली, त्या केवढ्या शिकलेल्या.

शेवटी आवाज मऊ करून म्हणाल्या, "बरं ऐक, एखादं छोटं पपी असेल तर सांग ना. आमच्या अर्णवचा बर्थडे आहे. नाही जमलं तर रिटर्न घेतात ना गं?"

*

हे सगळं मी ह्यांना जेवताना तावातावाने सांगत होते. स्वरा गुपचूप भात खात होती. ती आपलं मराठी ऐकते आणि उत्तर इथल्या पोरांसारखं देते. मध्येच म्हणाली, "मम्मी, इफ आय ॲम बोल्ड, विल यू गिव्ह मी बॅक?"

बोल्ड म्हणजे इथे खोडकर. हे घास हातात धरून बसले. त्या दिवशी मी भांडी इतकी आपटून घासली की ब्रिजेट बघायला आली!

*

आणि आता हा. एक मोठा तपकिरी कुत्रा, कुणीतरी कोंडवाड्याच्या गेटला बांधून पळून गेलेलं. नाव माहीत नाही. आम्ही बंड्या म्हणायचो, पण ढिम्म बघायचा नाही. कोंडवाड्यातला त्याचा तो शेवटचा दिवस होता. सँक्च्युअरीत एकच जागा, आणि निरोप असा की पाचच्या आत या, नाहीतर दुसऱ्याला देतो.

वाटेत पेट्रोल पंपावर त्याला पाणी पाजायला उतरवलं. दोन बायका कॉफी घेऊन चालल्या होत्या, तोंडाला मास्क. बंड्याने असा हिसका दिला की मी फरफटत गेले, आणि तो थेट त्यातल्या एकीच्या पायावर जाऊन बसला! शेपटी नुसती थाडथाड जमिनीवर.

तिची मैत्रीण विरघळली. "काय गोड आहे! कुणी टाकला याला?"

ब्रिजेटने सांगितलं, पावसात गेटला बांधलेला होता.

"अशा लोकांना तुरुंगात टाकायला हवं! हो की नाही गं?" मैत्रीण म्हणाली. "हिला विचारा, हिचा कुत्र्यांवर भारी जीव. आत्ताच नवीन पिल्लू आणलंय!"

ती बाई बुटांकडे बघत उभी.

चार वाजून पाच मिनिटं झालेली. पुढचा रस्ता पाऊण तासाचा. आम्ही बंड्याला ओढलं, बिस्किट दाखवलं, मी मागून ढकललं, ब्रिजेटने पुढून उचलायला बघितलं. जागचा हलेना! "चल ना रे, मरशील मेल्या!" मी ओरडलेच.

तेव्हा ती बाई खाली न बघता, मास्कच्या आतून, हळूच म्हणाली, "अप, ऑस्कर."

एका उडीत गाडीत!