नवं काही आणू नका

ऊदाचा वास आला की पडेगावचं आमचं भाड्याचं घर आठवतं. आठवा महिना चालू होता नि आम्ही बाळासाठी खरेदीला निघालो होतो. मागच्या खेपेला हौसेनं आणलेला पाळणा रिकामाच राहिला होता, हे शेजारच्या खालाला ठाऊक होतं. तिनं जिन्यातच अडवलं. "पाळणा नको, नवं झबलं तर बिलकुल नको, बेटी. माझ्या साडीची झोळी बांधू," म्हणत तिनं नातीची जुनी, मऊ पडलेली, ऊदाची धुरी दिलेली झबली माझ्या हातात ठेवली. तेवढ्यात तीच नात शाळेतून आली आणि दप्तर आपटत ओरडली, "दादी, लई भूक लागली!" त्या झबल्यांत वाढलेली ती धडधाकट पोर बघून आम्ही जिन्यातूनच माघारी फिरलो. आता माझी लेकही तसंच दप्तर आपटते. मी तिला कधीच रागावत नाही.