कॉम्प्युटरसाठी कोणतं नर्सिंग?

वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्या सिस्टर त्याच्यापासून दोन हात लांब बसायच्या आणि मी बरोबर त्याच्यासमोर. हुशारी म्हणून नव्हे, तिथली खुर्ची बरी होती. पण बसता बसता पेशंटच्या नोंदी त्यात कशा भरायच्या ते कळत गेलं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात शिरलं की पुढची नोकरी ह्याच कामात करावी. त्यासाठी एम.एस्सी. नर्सिंग हवं. परीक्षा दिली, पास झाले. दवाखान्यानं शिकायला दोन वर्षं सोडायचं कबूल केलं. तेही याच वर्षी. पुढच्या वर्षी माझं वय अटीत बसणार नव्हतं.

मग विषय निवडायचा फॉर्म उघडला. मेडिकल-सर्जिकल, लहान मुलांचं, बाळंतपणाचं, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. कॉम्प्युटर कुठंच नाही. मी पान खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं. मुदत पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

घरी विचारलं ही चूक झाली. नवरा फौजेतून रिटायर झालेला, त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत लागतं.

"मेडिकल-सर्जिकल घे. मोठी हॉस्पिटलं, मोठी मशिनं."

"आवं, मला मशिनं नाही चालवायची. नोंदी बघायच्यात."

"मग लहान मुलांचं घे. नोंदी बारक्या असतील."

कॉलेजातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कुठलाही घ्या, कॉम्प्युटरचं पुढं बघता येतं. पाचांतून एक निवडणं अवघड होतंच, 'कुठलाही' निवडणं त्याहून अवघड झालं.

अशा डोक्यानं शनिवारी पाटणला गेले. भाचीचं डोहाळजेवण होतं. तिला कुपवाडला दिलीय, जावई तिथल्याच कारखान्यात. पहिलं बाळंतपण म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं तिला सातव्यात माहेरी आणलेली. ओटी भरून झाली आणि गावातल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, मोबाइल घेऊन आल्या, गरोदर बाईची नोंद करायला. त्यांना नोंदणीचं सरकारी ॲप काही जमेना.

"द्या इकडं," मी म्हटलं. चार बायका बघत होत्या, मला जरा चेव आला. 'नवीन नोंद' दाबलं. बहीण सांगत गेली, मी भरत गेले. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, पाटणचा पत्ता. ओळखपत्र सासरी राहिलेलं, तो रकाना रिकामा सोडला. आधीचा त्रास? भाचीनं मान हलवली. काही नाही.

"बघा, मिनिटात झालं," बहीण बायकांना म्हणाली. "आमची लय शिकणार हाय अजून."

शुक्रवारी सकाळी मला कुपवाडच्या आशाताईंचा फोन आला. भाचीच्या तिथल्या नोंदीत नातेवाईक म्हणून माझाच नंबर होता.

"सिस्टर, तुमची भाची कुठं हाय? दोन तपासण्या चुकल्यात. रक्त कमी होतं तिचं, लोहाची इंजेक्शनं चालू केलेली. दोन राहिली की."

मी भाचीला फोन लावला. ती पुटपुटली, "मावशी, आईला घोर लागला असता." पाटणला काल तपासणी झाली होती. तिथं मी केलेली नवी कोरी नोंद उघडली, तीत काहीच नव्हतं, म्हणून कुणी काही विचारलंही नाही.

बहिणीला सांगितलं, तिला घेऊन आत्ता दवाखान्यात जा, जुने रिपोर्ट मी कुपवाडहून मागवून मोबाइलवर पाठवते.

"आवाज का असा येतोय गं तुझा?"

"आक्का, नोंद मीच चुकवली. आधी जा."

बारा वाजता आक्काचा फोन आला. रक्त पुन्हा तपासलं, इंजेक्शन दिलं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. मी कुपवाडच्या आशाताईंना कळवलं आणि विचारलं, असं आणखी कुणाचं होतं का.

"आवं, पहिलटकरणी समद्या माहेरीच जात्यात. इकडं त्या हरवलेल्या दिसत्यात, तिकडं नव्या. तपासणी चुकलेल्यांची माझी यादी कायम लाल."

म्हणजे ॲप करणाऱ्यांना मुली माहेरी जातात हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, डोहाळजेवणाच्या पंगतीत बसून आले होते, तरी मी सासरची नोंद न शोधता नवीच केली. वीस वर्षं नोंदी लिहिणारी बाई मी.

साडेचारला फॉर्म उघडला. सामुदायिक आरोग्यावर खूण केली, काढली, बाळंतपणावर केली, परत काढली. नवरा शेजारी घड्याळ घेऊन उभा.

"गावोगाव हिंडायचं असलं तर कॉम्प्युटर कशाला?"

"पोरी माहेरी गेल्या तर त्यांच्या नोंदी मागनं गेल्या पाहिजेत म्हणून."

"हां," तो म्हणाला. त्याला पटलं की वेळ संपत आली म्हणून, कळलं नाही.

सामुदायिक आरोग्य. पाचला चार मिनिटं कमी असताना बटण दाबलं. फॉर्म गेला, आणि गेल्यावर वाटलं, हे सगळं बाळंतपणाच्या विषयातही बसलं असतं की. मी नवऱ्याला तसं म्हटलं नाही.