चार नंबरचा गाळा

जागा बघावी ती उज्वलानं! ताकसुद्धा फुंकून पिणारी बाई. पंधरा वर्षं देवळाली कॅम्पात घराच्या बाहेरच्या खोलीत तिनं ब्लाऊज शिवले. आता सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ती खोली त्यांना द्यावी लागली. मशीन जिन्याखाली गेलं. गिऱ्हाइकं तोंडावर गोड बोलायची, पण पुन्हा यायची नाहीत. लग्नसराईआधी दुकान थाटलं नाही तर पंधरा वर्षांचं नाव बुडालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिची रीत ठरलेली. गाळा आवडला की समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर ठाण मांडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका मोजायच्या. एजंटाचं काय हो, त्याला सगळेच गाळे सोन्याचे! असे अकरा गाळे तिनं मोजून सोडून दिले होते.

जेलरोडचा चार नंबर मात्र दृष्ट लागावी असा. समोर बसथांबा, शेजारी बांगड्यांचं दुकान. दुपारपर्यंत तीनशे बायका झाल्या. आणि मग तिचं लक्ष पायांकडे गेलं. माणसं फूटपाथवरून सरळ यायची, तीन नंबर संपला की खाली रस्त्यावर उतरायची आणि पाच नंबरपाशी पुन्हा वर चढायची. बोलत, हसत, फोन कानाला लावून. कुणी खाली बघतसुद्धा नव्हतं. फरशी फुटली असेल म्हणून ती जवळ जाऊन बघून आली, तर फरशी धडधाकट.

कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या नवसाबाईंना तिनं विचारलं, "मावशी, मघाशी तुम्ही खाली का उतरलात?"

"मी? कुठं उतरले? सरळ तर आले. ऊन लागलं का काय तुला?"

गाळ्याचे मालक पुंजाराम म्हणजे साधे म्हातारे गृहस्थ. त्यांनी शटर वर केलं. आत फळीवर चार तसबिरी होत्या. गणपती, खंडोबा, दत्त आणि बुद्ध. चार वेगवेगळ्या घरांतल्या, वाळलेल्या हारांसकट.

"आधीच्या भाडेकरूंच्या. विसरून गेले," पुंजाराम तिच्याकडे न बघता म्हणाले.

आता काय म्हणावं! माणूस छत्री विसरेल, डबा विसरेल. दुकान सोडताना देव कुणी विसरतं का? आधी देव उचलतात, मग बाकीचं सामान. तिथूनच उज्वलानं माघारी फिरायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर त्या तीनशे बायका नाचत होत्या. बोर्ड लागला की वळतील, असं तिनं स्वतःला समजावलं. लोभ म्हणू नका, नड होती बिचारीला.

सोमवारी टेम्पो थेट दारात लावला. नवरा प्रफुल्ल आणि पुंजाराम यांनी मशीन आणि शिवायला आलेल्या ब्लाऊजांचं गाठोडं आत ठेवलं. फळीवर तिनं आपली वणीची देवी मांडली, दिवा लावला. दिवसभर एक बाई फिरकली नाही. दाराकडे कुणी नजरही टाकली नाही. संध्याकाळी शटर ओढताना तिला उगाचच सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी सकाळी किल्ली हातात घेऊन ती एकटीच आली. तीन नंबर मागे टाकला आणि बघते तर पाच नंबरसमोर उभी! स्वतःशीच हसली, परत फिरली. आता तीन नंबरसमोर. फूटपाथवर चढताना मात्र पायाला जाणवलं, की आपण खाली उतरलो होतो. तिसऱ्या खेपेला ती शटर चाचपत चालली. बोटांखालचं तीन नंबरचं शटर संपलं आणि लगेच पाच नंबरचं लागलं.

तेव्हा तिला कळलं. देव कुणीच विसरलं नव्हतं. ते चौघंही असेच किल्ली घेऊन इथं उभे राहिले असणार.

धावत जाऊन तिनं नवसाबाईंचा दंड धरला. "मावशी, मला चार नंबरपर्यंत पोचवा हो. माझं मशीन आत आहे. पाच नवऱ्या मुलींचे ब्लाऊज आत आहेत!" बोलता बोलता ती रडायलाच लागली.

नवसाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले आणि दुकानांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"कुठला चार नंबर, पोरी? तीनला लागून पाचच हाय की."