कुलूप बघून पुढं गेलो

मित्रांनो, आज पुतण्याच्या लग्नाचं जेवण होतं. गावाला चूलबंद आवतन, म्हणजे कुणाच्याच घरी चूल पेटवायची नाही. आवतन द्यायला मीच फिरलो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दाराला कुलूप दिसलं की पुढं सरकलो.

संध्याकाळी उरलेला भात, बुंदी आम्ही खड्डा करून पुरली. परत येताना तसल्याच एका कुलूप लावलेल्या घरामागच्या छपरात म्हातारी दिसली. लेक-सून ऊसतोडीला, ही एकटी मागं.

"आजी, जेवलीस का?"

"न्हाई बाबा. गावाला चूलबंद म्हणले, म्हणून मी बी चूल न्हाई पेटवली. कुणी तरी बोलवायला येतेल म्हणून बसले."

माझ्या हाताला अजून बुंदीचा वास होता.

तुमच्याकडं आवतन देणारे कुलूप बघून निघून जातात, की एक हाक तरी मारतात?