धुराचा रकाना

माझ्या भावाने नोकरी सोडली ती सरकारच्या भरवशावर. देशातच बनवा, मागासलेल्या भागात बनवा, उन्हावर चालेल असं बनवा, आम्ही सवलत देतो, असं सरकार तेव्हा म्हणत होतं. साखर कारखान्यात फिटर असलेल्या आमच्या भाऊने सावद्याबाहेर पत्र्याची शेड टाकली आणि सौरचुली बनवायला घेतल्या. पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. दहा चुली तयार होत्या, गिऱ्हाईक एकही नव्हतं. लोकांना सूट हवी होती, आणि सूट फक्त सरकारी यादीतल्या चुलीला. यादीत नाव आलं तर शेड चालणार, नाही तर कुलूप.

थंडीच्या दिवसांत धुळ्याहून साहेब तपासणीला आले. भाऊने अंगणात चूल मांडली, साहेबांसमोर डब्यांत डाळ-तांदूळ घातले, काच लावली आणि चूल तापेपर्यंत त्यांना केळीचा बाग दाखवायला घेऊन गेला.

आईला हा सगळा प्रकारच लाजिरवाणा वाटत होता. "एवढा धुयाहून सायेब आला, अन् त्याले नुसता वरनभात? लोकं काय म्हनतीन?"

"आई, ही परीक्षा हाये, पंगत नही," मी म्हटलं.

ऐकेल ती आई कसली! मागच्या दारी कपाशीच्या काड्या पेटवून तिने वांगी भाजली, मिरची-लसूण ठेचून झकास भरीत केलं आणि चुलीतले अर्धेकच्चे डबे काढून भरताचा डबा आत सरकवला. "चुलीतून निंघालं म्हंजे चुलीचंच ना?" मी पुऱ्या तळत होते, म्हणजे गुन्ह्यात मीही होतेच.

साहेबांनी काच उघडली. भाऊने आधी भरताकडे पाहिलं, मग आईकडे. साहेबांनी वरण-भाताची चौकशीसुद्धा केली नाही. तीनदा भरीत मागून घेतलं, हात धुतले आणि छापील तक्ता भरायला बसले. माणूस फार प्रामाणिक. 'धूर' या रकान्यात त्यांनी मनापासून लिहिलं: 'धुराचा अतिशय सुंदर वास.'

महिन्याभराने पत्र आलं. सदर चूल धूरविरहित नसल्याने यादीत घेता येत नाही. पुन्हा तपासणी हवी असल्यास धूर कुठून आला याचा अर्जदाराने लेखी खुलासा करावा.

भाऊ दोन दिवस शेडमध्ये कागद घेऊन बसला. लिहायचा, फाडायचा.

"लिहून टाक ना खरं! आईले काय फाशी देतीन का?" मी चिडून म्हटलं.

"आईनं सरकारले फसवलं, असं मी माह्या सहीनं लिहू?"

मला त्याचा तेव्हा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर अजूनही येतो. एका ओळीचं काम होतं. त्याने ती ओळ लिहिली नाही, शेडला कुलूप लावलं आणि पुन्हा कारखान्यात गेला, तेही रोजंदारीवर. आईला सांगितलं, योजनाच बंद झाली.

पहिल्या दिवशी तो कामावरून परतला तेव्हा आई त्याला वाढता वाढता सरकारला शिव्या देत होती. "त्यायले काय कयते! तो सायेब त तीनदा मांगून जेवला. माह्या पोराची चूल वाईट असती, त जेवला असता का?"

मी तोंड उघडलं. भाऊने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"तेच ना, आई," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं.